कवट्या मोजणारी मराठी मुलगी

जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटेत वाटूर लागते. परतूर तालुक्यातले हे गाव. आज ते जालना जिल्ह्यात आहे. १ मे १९८१ रोजी तो जिल्हा होईपर्यंत परतूर तालुका परभणीकडे होता, आणि सप्टेंबर १९४८ पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. चारही बाजूंना काळी जमीन. विहीर खणावयास घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. विहीर खणणाऱ्याला हा पाषाण नकोसा वाटतो. परंतु त्याचे वय ऐकले तर तोही क्षणभर घण खाली ठेवील.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा दगड पसरलेला आहे. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही हाच. वाटुराहून मंठ्यामार्गे पुढे गेले की लोणारचे सरोवर फार दूर नाही. आकाशातून आलेला पाषाण याच काळ्या दगडावर आदळून ते झाले, आणि अलीकडच्या मोजणीप्रमाणे त्यालाही साडेपाच लाखांहून अधिक वर्षे झाली.

या सगळ्यात माणूस कोठे आहे? समजा, वाटूरचा दगड गेल्या लक्ष्मीपूजनाला जन्मला आणि आज यंदाचे लक्ष्मीपूजन आहे. या एका वर्षाच्या हिशेबात आपली मानवजात जन्माला आली ती यंदाच्या लक्ष्मीपूजनाला सुमारे चाळीस तास उरले असताना! आपल्या जातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथले आहेत. ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. म्हणजे आपला सारा इतिहास, रामायण-महाभारतापासून मोबाईलपर्यंत, वर्षाच्या अखेरच्या घाईत उरकलेला आहे.

लाव्ह्याच्या दगडात हाडे टिकत नाहीत. म्हणून वाटूरच्या विहिरीत आदिमानवाची कवटी सापडण्याची आशा धरू नये. ती आशा धरावयाची तर नद्यांच्या गाळात. १८६० नंतरच्या दशकात भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील वाइन नावाच्या अधिकाऱ्याला पैठणजवळच्या मुंगी गावी गोदावरीच्या गाळात अकीकाची एक छिलका मिळाली, आणि ती माणसाच्या हाताने काढलेली होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नाशिककडे नांदूर मधमेश्वर येथे त्याच नदीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले. जी गोदावरी जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते, तिच्याच काठी हत्ती चरत होते आणि माणूस दगड फोडीत होता.

वर्गातला एक प्रश्न

मी मराठीचा अध्यापक. दगड आणि हाडे हा माझा प्रांत नव्हे. मला या वाटेला नेले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीने. ती वाटूरची; विज्ञानशाखेची. इरावती कर्वे यांचा एक ललितलेख मी शिकवीत होतो. परिचय करून देताना नेहमीच्या सवयीने सांगून गेलो, की इरावतीबाईंनी बर्लिनला कवट्या मोजून डॉक्टरेट मिळविली. तास संपल्यावर ती मुलगी दाराशी थांबली.

"सर, कवट्या मोजून काय कळतं?"

मी म्हटले, "का गं?"

"मला तसंच काही तरी शिकायचंय. माणूस कुठनं आला ते. पण त्याला कुठं जायचं अन् काय शिकायचं, हे आमच्याकडं कुणालाच ठाऊक नाही."

पुढे महिन्याभराने तिचे वडील आले. सोयाबीन आणि कापूस पिकविणारे गृहस्थ, बोलणे मोजके. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सरळच विचारले, "सर, हाडकं मोजून पोरीचं पोट भरंल का?"

दोन्ही प्रश्न खरे होते. मुलीचाही आणि बापाचाही. आपल्या घरांतूनही ते निराळ्या शब्दांत विचारले जातात. तेव्हा ज्या मराठी मुलीने ही वाट पहिल्याप्रथम तुडविली, तिची वाटचालच येथे सांगतो. 'युगान्त' वाचलेल्या वाचकाला इरावतीबाई ठाऊक असतात. परंतु तेविसाव्या वर्षी बोटीत बसलेली विद्यार्थिनी इरावती फारशी कोणाला ठाऊक नसते.

इरावदीच्या काठची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातील मिंजान गावचा. वडील करमरकर हे तेथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. इरावदी नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडले. तेथे रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला हिच्याशी मैत्री झाली आणि पुढे परांजप्यांचेच घर तिचे घर झाले. रँग्लर परांजपे म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. पुस्तकांनी भरलेले, वादविवादाने गाजणारे ते घर. पुष्कळदा मुलाची वाट शाळेत ठरत नाही; जेवणाच्या पाटावर मोठी माणसे काय बोलतात त्यावर ठरते.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन ती बी.ए. झाली. दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि ती मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे गेली. घुर्ये मालवणचे, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले, शिस्तीचे कडक. भारतातील समाजशास्त्राच्या कितीएक पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिने चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ साली एम.ए. झाली. ती स्वतः चित्पावन; म्हणजे पहिला अभ्यास स्वतःच्याच घराचा.

मधल्या काळात दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला होता. दिनकरराव रसायनशास्त्रज्ञ, जर्मनीत डॉक्टरेट मिळवून आलेले. बायकोनेही जर्मनीला जाऊन शिकावे असे त्यांना वाटले. येथे वाचकांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट घडली. दिनकररावांचे वडील म्हणजे साक्षात महर्षी कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, स्त्रियांचे विद्यापीठ स्थापणारे. सुनेने परदेशी जाऊन शिकण्याला त्यांनी विरोध केला! वाटूरच्या शेतकऱ्याने शंका काढली तर आपण त्याला मागासलेला म्हणू नये ते यासाठीच. जगाच्या लेकींसाठी आयुष्य वेचणाऱ्यालाही घरातली सून बोटीत चढताना धास्ती वाटते.

दिनकररावांनी ऐकले नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावती बर्लिनला गेली.

प्रोफेसरांचा सिद्धान्त

बर्लिनच्या डालेम भागात कैझर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्राची शाखा १९२७ साली नुकतीच उघडली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर. त्यांचा त्या काळी मोठा दबदबा. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येकडील जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ लिहिला होता. माणसांच्या 'वंशां'त उच्चनीच असते आणि ते रक्तातून उतरते, हे त्यांच्या शास्त्राचे गृहीतच होते.

मानवशास्त्राबरोबर प्राणिशास्त्र, संस्कृत आणि तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास इरावतीने केला. प्रबंधाचा विषय मात्र फिशर यांचा: माणसाच्या कवटीची असमता.

हा विषय काय आहे हे समजावयास घरचा आरसा पुरेसा आहे. चष्मा लावून आरशासमोर उभे राहावे. एक कान किंचित वर असतो, एक भुवई किंचित पुढे असते. म्हणून तर चष्मेवाल्याला काडी वाकवून द्यावी लागते. चेहऱ्याचे जे, तेच कवटीचे. डावे अर्ध आणि उजवे अर्ध तंतोतंत सारखे कधीच नसते. फिशर यांची कल्पना अशी की, गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्याला जागा देण्यासाठी त्यांची कवटी अधिक असम होते आणि ही असमता म्हणजेच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण. हे हाडांवर सिद्ध करून दाखविण्याचे काम या हिंदी विद्यार्थिनीकडे आले.

तिने १४९ कवट्या मोजल्या. मोजणे म्हणजे फूटपट्टी लावणे नव्हे. कवटीवर ठराविक खुणेच्या जागा असतात: नाकाच्या मुळाशी जेथे हाडे मिळतात तो बिंदू, कानाच्या छिद्राचा वरचा काठ, गालफडाचे टोक, मागच्या बाजूचा उंचवटा. कवटी एका ठरलेल्या पातळीत धरावयाची, दोन वाकड्या पायांच्या मापकाने प्रत्येक खुणेपासून मध्यरेषेचे अंतर आधी डावीकडे आणि मग उजवीकडे घ्यावयाचे, ते मिलिमीटरपर्यंत टिपावयाचे आणि पुढची कवटी उचलावयाची. दीडशेला एक कमी इतक्या वेळा! मग बेरजा, सरासऱ्या, फरक. यंत्रगणक नव्हते, वही आणि पेन्सिल होती.

हिशेब पुरा झाला तेव्हा उत्तर स्पष्ट होते. कवट्या असम होत्या, पण सगळ्यांच्याच. युरोपियनांच्या अधिक आणि इतरांच्या कमी, असे काही निघाले नाही. असमतेचा वंशाशी संबंध नव्हता.

आता या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांच्या मनाविरुद्ध आलेली. ज्यांच्या सहीवाचून पदवी नाही, त्यांचा सिद्धान्त आपल्या वहीतल्या आकड्यांनी खोटा ठरतो आहे. दोन-चार मापे इकडची तिकडे केली असती तर कोणाला कळले असते? निदान निष्कर्ष गुळमुळीत लिहिता आला असता. तिने जे निघाले ते लिहिले. फिशर यांनी तिला अगदी खालची श्रेणी दिली. पण पदवी दिली. १९३० साली ती डॉक्टर झाली आणि प्रबंध पुढच्या वर्षी जर्मन भाषेत छापला गेला.

त्या निष्कर्षाचे मोल तेव्हा कोणाला कळले नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यामागून त्यांच्या संस्थेची सूत्रे ज्या फेर्शुअर यांच्या हाती आली, त्यांचा पूर्वीचा साहाय्यक योझेफ मेंगेले ऑशविट्झच्या छळछावणीतून संस्थेकडे शरीरांचे अवशेष धाडीत होता. उच्चनीचतेच्या सिद्धान्ताची ती अखेर. त्या सिद्धान्ताविरुद्ध त्याच इमारतीत एका मराठी मुलीने १९३० सालीच आकडे मांडून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या कवट्यांपैकी काही जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या कोणाच्या होत्या, कशा आणल्या, नातेवाइकांना विचारले होते काय, हे प्रश्न त्या काळी कोणी विचारीत नसे. बर्लिनच्या संग्रहांत पूर्व आफ्रिकेतील अशा हजाराहून अधिक कवट्या निघाल्या; २०१७ पासून काही वर्षे खपून तेथील संशोधकांनी त्यांचा माग काढला, त्या परत कशा करावयाच्या याचा विचार चालू झाला. आज या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धडा हाच मिळतो: टेबलावर आहे ती वस्तू नव्हे, ते कोणाचे तरी माणूस आहे.

नऊ वर्षांची वाट

आता बापाच्या प्रश्नाकडे वळू. पोट भरले काय?

बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावतीबाईंना त्यांच्या विषयाची जागा लगेच मिळाली नाही. १९३१ ते १९३६ त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या; म्हणजे कवट्यांऐवजी फायली. बरोबर थोडेफार अध्यापन. १९३४ साली बंद पडलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा कोठे त्यांना तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठकाची जागा मिळाली. डॉक्टरेट आणि मनाजोगी जागा यांत नऊ वर्षे गेली. हे मी त्या गृहस्थांपासून लपविले नाही आणि वाचकांपासूनही लपवीत नाही. ही लांब पल्ल्याची वाट आहे.

पण जागा मिळाल्यावर जे काम झाले ते पाहा. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात हसमुख धीरजलाल सांकळिया आले होते. लंडनहून पुरातत्त्वाची डॉक्टरेट घेऊन. सांकळिया दगडांचे जाणकार, इरावतीबाई हाडांच्या. दोघांनी मिळून १९४४ च्या सुमारास उत्तर गुजरातेतील लांघणज येथे अंधारियो टिंबो नावाच्या वाळूच्या टेकाडावर खणले. नखाएवढी गारगोटीची हत्यारे निघाली, गेंड्याच्या खांद्याचे हाड निघाले (त्यावर ठेवून काही तरी ठोकीत असावेत अशा खुणा त्यावर आहेत), आणि निघाली पाय पोटाशी घेऊन निजविलेली माणसे. शेती न करणाऱ्या, शिकार करून राहणाऱ्या लोकांनी आपले मृत नीट ठेवले होते. मातीचा कण न् कण ब्रशाने बाजूला सारीत हाड मोकळे करणे हे काम किती नाजूक असते हे रांगोळीवर पाय न पडू देता घरात वावरणाऱ्या आपल्या गृहिणींना समजेल.

पुढे त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींची मापे घेतली. विनायक महादेव दांडेकरांच्या सहकार्याने केलेला तो अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून त्यांचा एक निष्कर्ष बनत गेला, आणि तो त्यांच्या दुसऱ्या गुरूच्या विरुद्ध होता! एक जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानीत. इरावतीबाई म्हणाल्या, पुष्कळ ठिकाणी उलटे झाले आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले, निरनिराळे गट एका नावाखाली शेजारी शेजारी बसले, पण लग्ने मात्र आपापल्यातच करीत राहिले. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या पोटजाती परस्परांहून पुष्कळ वेगळ्या आहेत हे त्यांनी दाखविले. हा वाद पुढे दोघांनीही सोडला नाही.

न्यायाने सांगावयाचे तर बर्लिनचे मापक त्यांनीही पुष्कळ वर्षे हातातून ठेवले नाही, आणि त्या शाळेची भाषा त्यांच्या आरंभीच्या लिखाणात दिसते. नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसांचे गट पाडण्याची पद्धत आज शास्त्राने टाकून दिली आहे. पण इरावतीबाई मापकापाशी थांबल्या नाहीत. नातेसंबंधांवरचा त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ, कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची १९६९ ची पाहणी, पुणे विद्यापीठातील मानवशास्त्राच्या विभागाची उभारणी, आणि १९६७ चा आपला 'युगान्त', ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. कवटीपासून कुंतीपर्यंत त्या एकच प्रश्न विचारीत होत्या: माणूस असा का वागतो, आणि तसे म्हणावयास पुरावा काय?

इनामगावची बाळे

त्यांच्यामागे हे शास्त्र कोठवर आले आहे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीचे हे शेतकऱ्यांचे गाव. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. मोठी माणसे घराच्या जमिनीखाली पुरलेली, बहुतेकांचे पाय घोट्यापासून तोडलेले. लहान मुले तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत. मूल घराबाहेर जाऊ नये म्हणून आईबापांनी ते घरातच ठेवले असेल, असे वाटून मन हलते.

हाडे येथे बोलू लागतात. दात केव्हा फुटतात, दाढ केव्हा येते याचे वेळापत्रक ठरलेले. म्हणून दातांवरून मुलाचे वय महिन्यांत सांगता येते. उपासमार किंवा मोठे दुखणे झाले की दाताच्या एनॅमलवर आडवी रेघ उमटते आणि ती पुसत नाही. पिष्टमय अन्न वाढले की किडलेले दात वाढतात. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील जॉन लुकाक्स यांनी इनामगावच्या हाडांचा तपशीलवार अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. लुकाक्स यांच्याच विद्यार्थिनी ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुढे तेथील बालकांच्या हाडांवर काम केले. त्यांच्या २०११ च्या ग्रंथात अखेरच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली, अंगे खंगलेली दिसतात. मराठवाड्याच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाऊस दगा देतो तेव्हा पहिला फटका कोणाला बसतो, हे तीन हजार वर्षांपूर्वीचे दात सांगतात.

विद्यार्थ्याने गुरुजनांना अडचणीत आणण्याचे उदाहरण परदेशातही आहे. १९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या विद्यार्थ्याला शिवालिकच्या टेकड्यांत, हरितल्यांगर येथे, एका प्राचीन वानराचा जबडा मिळाला. त्याने त्याचे नाव रामापिथेकस ठेवले. हा माणसाचा पूर्वज, असे त्याचे म्हणणे. ते आधी मोठ्यांनी झिडकारले आणि १९६१ नंतर उचलून धरले. पाठ्यपुस्तकांत रामापिथेकस आपला पणजोबा होऊन बसला. १९६७ साली कॅलिफोर्नियातील व्हिन्सेंट सॅरिच आणि त्याचे गुरू अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांची तुलना करून सांगितले, की माणूस आणि आफ्रिकी वानर वेगळे झाले त्याला जेमतेम पन्नास लाख वर्षे झाली. एवढ्या जुन्या काळात माणसाचा पूर्वज असूच शकत नाही. सॅरिचने त्याच साली डॉक्टरेट पुरी केली होती. हाडे ओळखणाऱ्या पंडितांनी त्याची थट्टा केली. १९८२ साली पाकिस्तानातील एका अधिक पूर्ण कवटीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि ही मंडळी ओरांगउटानच्या गोतावळ्यातली ठरली. पणजोबाचे नाव वंशावळीतून निघाले.

त्याच १९८२ सालच्या ५ डिसेंबरला नर्मदेच्या काठी हथनोरा येथे अरुण सोनकिया या भूगर्भशास्त्रज्ञांना प्राचीन मानवी कवटीचा तुकडा मिळाला. तो कोणत्या मानवाचा यावर अजून एकमत नाही. ज्याला या विषयात यावयाचे त्याच्यासाठी काम शिल्लक आहे, ते असे. हाडांच्या जोडीला आता प्राचीन जनुकांचाही पुरावा आला आहे. त्या शास्त्राचे प्रवर्तक स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. २०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या जनुकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे अग्रभागी होते.

वाटूरहून पुण्याला

मी त्या गृहस्थांना हिशेब असा सांगितला. मुलीने विज्ञानाची पदवी पुरी करावी. प्राणिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र असेल तर उत्तमच. मग डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए., किंवा पुणे विद्यापीठात मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी. लुप्त प्राण्यांकडे ओढ असेल तर भूगर्भशास्त्राच्या वाटेने जावे. लखनौला बिरबल सहानी यांच्या नावाची संस्था १९४६ पासून आहे. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाची परीक्षा. त्यात संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ च्या दरवाढीपासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये. डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे. पुढे अध्यापन, मानवशास्त्रीय सर्वेक्षण, भूगर्भ सर्वेक्षण, संग्रहालये, न्यायवैद्यक प्रयोगशाळा. जागा थोड्या, स्पर्धा पुष्कळ.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी विहिरीवाणीच झालं की. पाणी लागंस्तवर खणायचं."

मी म्हटले, "होय. आणि लागेलच असं कुणी लिहून देत नाही."

"विहिरीला तरी कोण देतंय?" ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.

मुलगी आता पदवीच्या अखेरच्या वर्षाला आहे. पुढे काय होईल हे मला सांगता येत नाही, आणि तिच्या वडिलांनीही ते मागितलेले नाही.

दिवाळीत घरोघरी पाहुणे जमतात. मुले-मुली कोपऱ्यात असतात आणि कोणी तरी मामा किंवा काका विचारतो, "पुढं काय करणार?" मुलाने इंजिनिअर म्हटले की सगळे माना डोलावतात. एखादी मुलगी "जुनी हाडं" म्हणाली तर हशा पिकतो. यंदा हसण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे, की तुझ्या वहीतला आकडा आणि तुझ्या गुरूचे मत यांत अंतर पडले तर तू काय लिहिशील? उत्तर देताना ती घुटमळली तरी बिघडत नाही. प्रश्न तिच्याबरोबर वाढेल. ज्या दिवशी ती ठामपणे "आकडा" म्हणेल, त्या दिवशी तिची बॅग भरावयास घ्यावी.